आधी मोजा, मग भांडा

(तृतीय वर्ष, कला)

‘नेट स्लो आहे’ हे वाक्य आज महाराष्ट्रातल्या घराघरांत जितक्या वेळा उच्चारले जाते, तितक्या वेळा तिन्हीसांजेला ‘शुभं करोति’ही म्हटले जात नसेल, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पूर्वी पाऊस, महागाई आणि एस.टी. या तीन विषयांवर दोन अनोळखी माणसांचे सहज जमत असे. आता त्यांत हा चौथा विषय येऊन बसला आहे. रोग एवढा पसरला की वैद्यही गल्लोगल्ली निघतात. या वैद्यांच्या बटव्यात औषधे मात्र दोनच. एक, राउटर बंद करून पुन्हा चालू करा. दोन, मोठा प्लॅन घ्या. माझे मत असे की, काहीही न तपासता केलेले हे दोन्ही उपाय बहुधा वाया जातात. कारण आपण रोगाचे नावच चुकीचे घेतो. आपल्याला त्रास असतो विलंबाचा आणि आपण विकत घेतो वेग. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या घरात यावरून दोन माणसांची मने दुखावली, म्हणून सांगते.

आमचे घर साताऱ्यात, एका जुन्या वाड्यात. भिंती दोन-दोन फूट जाडीच्या. घरी आजी, आई, बाबा, मी आणि धाकटा भाऊ. माझी आत्या गेली बारा वर्षे अमेरिकेत न्यू जर्सीला असते. दर रविवारी रात्री साडेआठला, म्हणजे तिच्या सकाळी, तिचा व्हिडिओ कॉल येतो. आजीचा आठवडा त्या अर्ध्या तासाभोवती फिरतो. गेल्या पावसाळ्यापासून मात्र त्या बोलण्यात काहीतरी बिनसले. दोघी एकदम बोलू लागत, मग दोघीही एकदम गप्प होत, मग ‘तू बोल’, ‘नाही, तू बोल’ असे चाले. आजीने विचारले, “दिवाळीला येणार का गं?” की पडद्यावरचा आत्याचा चेहरा क्षणभर तसाच राही आणि बऱ्याच वेळाने उत्तर येई, “बघते गं आई.”

एका रविवारी फोन ठेवल्यावर आजी म्हणाली, “पूर्वी ताडकन बोलायची. आता मला उत्तर द्यायला विचार करते. काहीतरी लपवतेय माझ्यापासून.” पुढे पुढे ती कॉल लवकर आटोपता घेऊ लागली. तिकडे आत्याने बाबांना वेगळेच कळवले : “दादा, आई हल्ली माझं बोलणं मध्येच तोडते. रागावलीय का माझ्यावर?” दोघींचेही निरीक्षण खरे होते आणि दोघींचाही निष्कर्ष चुकीचा होता. तारेतला दोष माणसाच्या स्वभावाच्या खात्यावर मांडला जात होता.

बाबांनी अर्थातच बटव्यातले दुसरे औषध काढले. पन्नास एमबीपीएसचा प्लॅन शंभराचा केला. दरमहा पैसे वाढले. रविवार मात्र तसाच राहिला. तक्रार केली तेव्हा पहिले औषध सुचवण्यात आले, म्हणजे राउटर बंद करून चालू करणे. तेही केले. शेवटी एक दिवस कंपनीचा माणूस घरी आला. राउटरजवळ उभे राहून त्याने आपल्या मोबाइलवर स्पीड टेस्ट केली आणि म्हणाला, “काका, शहाण्णव येतायत. अजून काय पाहिजे?” तो खोटे बोलत नव्हता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला तो प्रकार होता.

येथे थोडे मूळ समजून घेतले पाहिजे. मोठ्या व्यासाच्या नळातून मिनिटाला अधिक पाणी येते. हा झाला वेग. पण चावी फिरवल्यापासून पाण्याचा पहिला थेंब बादलीत पडायला किती वेळ लागतो, ही निराळीच गोष्ट. हा झाला विलंब, ज्याला तांत्रिक भाषेत लेटन्सी म्हणतात. नळाचा व्यास दुप्पट केला म्हणून पहिला थेंब लवकर पडत नाही. चित्रपट उतरवून घ्यायचा असेल तर व्यास महत्त्वाचा; तेथेही शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट हे लक्षात ठेवावे, कारण जाहिरात बिटांत बोलते आणि आपण बाइटांत ऐकतो, व आठ बिटांचा एक बाइट होतो. पण आजीच्या गप्पांना दोन-तीन एमबीपीएस पुरतात. तिच्या दृष्टीने पन्नास आणि शंभर सारखेच. स्टुअर्ट चेशायर यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना १९९६ साली नेमका हाच मुद्दा एका लेखात मांडला होता की, रुंदी वाढवणे सोपे आहे, पण विलंब एकदा पदरी पडला की पैसे टाकून तो परत घेता येत नाही. त्याला आता तीन दशके होत आली. जाहिराती अजूनही रुंदीच विकत आहेत.

मग विलंब येतो कोठून? सर्वांना प्रथम संशय येतो तो समुद्राचा. “एवढी अमेरिका, वेळ लागणारच!” असे बाबाही म्हणाले. पण हिशेब करून पाहा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर; जाऊन येऊन पंचवीस हजार. म्हणजे निसर्गनियमाने लागणारा वेळ १२५ मिलिसेकंद, सेकंदाचा आठवा भाग. समुद्रातली केबल वळसे घेत जाते, म्हणून प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास धरा. दूरध्वनीचे आंतरराष्ट्रीय मानक सांगते की, एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषणाला सहसा बाध येत नाही. समुद्राचा वाटा एका बाजूला शंभराच्या घरात. चित्र आणि आवाज गुंडाळण्या-उलगडण्यात आणखी थोडी भर पडते हे मान्य; पण आमच्याकडे उत्तर यायला सेकंद-सव्वा सेकंद लागत होता. तेव्हा समुद्र निर्दोष. चोर जवळपासच असला पाहिजे.

चोर शोधण्याचे साधन फुकट आणि जुने आहे. त्याचे नाव पिंग. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ते लिहिले. पाणबुडीचा शोध घेताना ध्वनीचा ठोका पाठवून प्रतिध्वनी ऐकतात, त्या ठोक्याच्या आवाजावरून हे नाव पडले. आपला संगणक एक लहानसे पाकीट पाठवतो, समोरचा ते परत पाठवतो, आणि किती मिलिसेकंद लागले ते पडद्यावर उमटते. कोणत्याही संगणकावर ही आज्ञा असते. मी कला शाखेची विद्यार्थिनी. तरी ती चालवायला मला कोणा अभियंत्याची गरज पडली नाही. एक दोनशे पानी वही घेतली, तारीख-वार-वेळ असे रकाने आखले, आणि स्वतःसाठी दोन नियम केले. पहिला, जवळून सुरुवात करून लांब जायचे. दुसरा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे दोन नियम मोडले की तपासणीचा नुसता खेळखंडोबा होतो.

सर्वांत जवळचा मुक्काम म्हणजे घरचाच राउटर. तो बाहेरच्या सोप्यात, लोखंडी कपाटावर, भिंतीला चिकटून ठेवलेला. कारण केबल तेथून आत आली होती. आजी बोलायला बसते माजघरात. माजघरातून राउटरलाच पिंग केले, म्हणजे पाकीट घराबाहेर पडलेच नाही, तर आकडे आले पाच, एकशे ऐंशी, बारा, चारशे. राउटरशेजारी बसून पाहिले तेव्हा दोन-तीन. तारेने जोडले तेव्हा एकाच्याही आत. याचा अर्थ उघड होता : आमच्याच वाड्याच्या भिंतीत अर्धा दोष होता. वायफायची लाट दगडी भिंतीतून जाताना क्षीण होते, पाकिटे हरवतात आणि पुन्हा पाठवावी लागतात. पाच गिगाहर्ट्झची लाट वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हात टेकते. दोन पॉइंट चारची लाट भिंत पार करते, पण त्या पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह शेगडी यांची एकच गर्दी. त्या पट्ट्यात परस्परांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, एक, सहा आणि अकरा. त्यांतली कमी गर्दीची निवडावी. आम्ही राउटर कपाटावरून उतरवून दाराच्या चौकटीजवळ आणला आणि पंधरा मीटर लॅनची वायर आणून माजघरातल्या जुन्या लॅपटॉपला जोडली. या साऱ्या प्रकरणात आमचा खर्च झाला तो त्या वायरीचा.

एवढ्याने आठवडाभर सारे ठीक चालले. रविवारी रात्री साडेआठला मात्र पुन्हा तेच! आता तारेने जोडलेल्या लॅपटॉपवरून घराबाहेरचा पिंग पाहिला. सकाळी जो पंचवीस येत होता, तो रात्री साडेआठशे. आता माझी खात्रीच झाली की दोष कंपनीचा. संध्याकाळी गिऱ्हाइकांची गर्दी होते, यांची लाइन पुरत नाही. मी तक्रारीचा कडक मसुदाही लिहून काढला. पण दुसरा नियम आठवला. घरातली इतर उपकरणे चालू ठेवून बाहेरच्याला दोष देणे बरे नव्हे. म्हणून मी एकेक करून सर्व उपकरणे बंद केली.

गल्लीतून एक मोटारसायकल चोरीला गेल्यानंतर बाबांनी दारावर दोन कॅमेरे बसवले होते. त्यांचे चित्रण दिवसरात्र इंटरनेटवरून कोठेतरी साठवले जाई. आणि धाकटा भाऊ रविवारी दिवसभर मैदानावर क्रिकेटच्या चित्रफिती काढून रात्री आठला घरी येई. त्याच्या मोबाइलला घरचे वायफाय लागले रे लागले, की त्या साऱ्या आपोआप वर जाऊ लागत. कॅमेरे आणि तो मोबाइल बंद केले : पिंग सत्तावीस. चालू केले : पुन्हा आठशेच्या वर. तीन वेळा करून पाहिले, तीनही वेळा तेच. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो असा. प्लॅनचा कागद नीट वाचला तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. खाली येण्याचा रस्ता पन्नासाचा शंभर झाला होता. वर जाण्याचा रस्ता आधीही दहाचा होता आणि आताही दहाचाच. आमचा माल अडत होता वर जाताना, आणि आम्ही पैसे मोजत होतो खाली येण्याचे.

पण रस्ता भरला तर वेग कमी व्हावा. विलंब एवढा का वाढावा? याचे उत्तर मला सर्वांत मनोरंजक वाटले. पोस्टात एकच खिडकी आहे अशी कल्पना करा. एक गृहस्थ पाचशे रजिस्टर पाकिटे घेऊन उभे आहेत, आणि त्यांच्यामागे एक आजीबाई एका पोस्टकार्डासाठी. कारकून आपल्या गतीने काम करतो आहे. खिडकीचा ‘वेग’ उत्तम. पण आजीबाईंचे पोस्टकार्ड पाचशे पाकिटांनंतर. राउटरमध्ये असेच प्रतीक्षागृह असते, त्याला बफर म्हणतात. स्मृतीच्या चिपा स्वस्त झाल्या तशी उत्पादकांनी ही प्रतीक्षागृहे ऐसपैस बांधली. दहा एमबीपीएसच्या दाराशी एक मेगाबाइट माल रांगेत उभा राहिला, तर मागून येणाऱ्याला आठ दशांश सेकंद थांबावे लागते. आमचे आठशे मिलिसेकंद ते हेच. आणि रांग फक्त वर जाण्याच्या दाराशी असल्यामुळे आत्याचे बोलणे आजीपर्यंत वेळेवर येई, आजीचे बोलणे मात्र रांगेत अडके. आत्याला वाटे, आजीचे काही म्हणणे नाही. ती पुढे बोलू लागे, आणि नेमके तेव्हा आजीचे आधीचे वाक्य तिकडे जाऊन आदळे. ‘आई बोलणं तोडते’ याचे रहस्य ते हे.

रांग लांबण्याचे खरे कारण असे की, पाठवणाऱ्याला आपण अतिरेक करतो आहोत हे कळतच नाही. इंटरनेटची रीत अशी की पाकीट गहाळ झाले म्हणजे पाठवणारा समजतो, पुढे गर्दी आहे, हात आखडता घ्यावा. ही रीतसुद्धा एका फजितीतून आली. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि तेथले विद्यापीठ यांच्यामधला, अवघ्या चारशे यार्डांवरचा दुवा सेकंदाला बत्तीस हजार बिटांवरून चाळीस बिटांवर घसरला होता. त्याचा शोध घेऊन व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली उपाय मांडला. पण ऐसपैस प्रतीक्षागृहात पाकीट गहाळ होतच नाही, नुसते ताटकळते. मग इशारा मिळणार कसा? जिम गेटिस यांना हा दोष २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरच्या जोडणीत आढळला आणि त्यांनी त्याला ‘बफरब्लोट’ म्हणजे रांगेची सूज असे नाव दिले. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि याच जेकबसन यांनी रांग आटोक्यात ठेवणारी पद्धत प्रसिद्ध केली. ती आज काही राउटरांत ‘एसक्यूएम’ या नावाच्या सोयीत मिळते. नवा राउटर घेताना दुकानदाराला हा प्रश्न अवश्य विचारावा.

आमच्या साध्या राउटरात ती नव्हती, पण एकेका उपकरणाला मर्यादा घालता येत होती. कॅमेरे आणि भावाचा मोबाइल मिळून सहाच्या वर जाऊ नयेत असे ठरवून दिले. कॅमेऱ्यांना हालचाल दिसली तरच चित्रण पाठवण्याची शिस्त लावली. भावाच्या चित्रफिती रात्री दोनला, मोबाइल चार्जिंगला असताना, जाऊ लागल्या. त्याने थोडी कुरकुर केली. पण आजीचे नाव काढल्यावर गप्प बसला.

याचा अर्थ कंपन्या धुतल्या तांदळासारख्या आहेत असा मुळीच नाही. फायबरच्या एका धाग्यावरची सुमारे अडीच गिगाबिटची क्षमता बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटली जाते, आणि ती घरे रात्री नऊला एकदम जागी होतात. त्यापुढची लाइनही कंपनीने काटकसरीने घेतलेली असू शकते. पण हे सिद्ध करायचे तर घरात एकच संगणक तारेने जोडा, बाकी सारे बंद करा, आणि आठवडाभर पहाटे व रात्री पिंग आणि वेग दोन्ही लिहून ठेवा. पहाटे ठीक आणि रात्री बिघाड असा नियमित आलेख निघाला, तर दोष बाहेरचा. राउटरवरचा तांबडा दिवा लागला असेल तर मोजमापही नको. तंतू तुटला किंवा वाकला आहे, सरळ फोन करा. तीनशेचा प्लॅन घेऊन शंभराच्या जवळच अडकत असाल, तर एकदा लॅनची वायर बदलून पाहा. तिच्यातली एखादी जोडी तुटली की ती मुकाट्याने शंभरावर उतरते. वही हातात असली की तक्रारीचा सूर आपोआप बदलतो. ‘नेट स्लो आहे’ हे झाले गाऱ्हाणे. ‘तारेने, एकट्याने, सात रात्री, अमुक आकडा’ हा झाला पुरावा.

कोणी विचारील, पैसे आम्ही मोजायचे आणि तपासणीही आम्हीच करायची काय? आक्षेप रास्त आहे. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले होते. २०२३ मध्ये ती किमान मर्यादा दोन एमबीपीएस झाली. व्याख्या वाढली, पण ती रुंदीचीच. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांत विलंब आणि गहाळ पाकिटे यांचाही विचार केला आहे, ही स्वागतार्ह गोष्ट. पण तो आकडा गिऱ्हाइकाच्या बिलावर दिसत नाही. माझी मागणी अशी की, प्रत्येक जाहिरातीत खाली येण्याच्या वेगाइतक्याच मोठ्या अक्षरांत वर जाण्याचा वेग आणि रस्ता भरलेला असतानाचा विलंब छापणे सक्तीचे करावे. तोवर मात्र वही आपली आपणच ठेवली पाहिजे. कारण घराच्या आतला दोष कोणतीही कंपनी शोधून देणार नाही. तिला तो परवडतो; आपण मोठा प्लॅन घेतो.

हे सारे विज्ञान शाखेचे, आपल्याला काय त्याचे, असे माझ्या कला शाखेच्या मित्रमैत्रिणींना वाटेल. पण आठवा २०२० आणि २०२१ ची ती ऑनलाइन वर्षे. शिक्षक प्रश्न विचारीत आणि पडद्यावरचा मुलगा दोन सेकंद गप्प राही. ‘लक्ष कुठे आहे?’ असे किती जणांना ऐकावे लागले! त्यांतले काही जण खरोखरच बेसावध असतील. पण कित्येकांचे उत्तर घरातल्याच कुठल्यातरी रांगेत ताटकळत उभे होते. उशिरा आलेल्या उत्तराला आपण चटकन मंदपणा म्हणतो, शिष्टपणा म्हणतो, दुरावा म्हणतो. माणसांची बोलणी समजून घेणे हा तर आपल्या शाखेचा विषय. तेव्हा माणसाबद्दल मत बनवण्यापूर्वी तार तपासणे, हे आपले काम नाही असे कसे म्हणता येईल?

मर्यादा घातल्यानंतरचा पहिला रविवार मला आठवतो. आजी नेहमीप्रमाणे माजघरात बसली. थोडे इकडचे तिकडचे झाल्यावर तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला, “दिवाळीला येणार का गं?” आणि तिचे वाक्य संपते न संपते तोच आत्या म्हणाली, “नाही गं आई, या वर्षी सुट्टीच नाही.”

मी धसकून आजीकडे पाहिले. ती हसत होती. नंतर बाबांना म्हणाली, “नाही म्हणाली रे. पण लगेच म्हणाली.”